देवगिरीची अंधारी चढताना

देवगिरी, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात माथ्याकडे जाणारा, खडकात कोरलेला काळोखा भुयारी मार्ग म्हणजे अंधारी. तिच्या दारात पोचायच्या दहा मिनिटं आधी एक डोळा मिटून घ्या. रुमाल बांधला तरी चालेल. लोक हसतील, हसू द्या. बाहेरच्या उन्हातून थेट आत शिरलेल्या माणसाला पहिल्या वळणानंतर स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. मिटून ठेवलेला डोळा आत गेल्यावर उघडला, की त्याच जागी भिंतीची कड, पायरीचा काठ, पुढच्याची पाठ एवढं तरी कळायला लागतं. अंधुक उजेडात पाहण्याचं काम डोळ्यातल्या ज्या पेशी करतात, त्यांच्यातलं रंगद्रव्य उन्हात मोडतं आणि पुन्हा पुरतं तयार व्हायला वीस ते तीस मिनिटं घेतं. दोन डोळ्यांचे हिशेब वेगवेगळे चालतात, म्हणून एक मिटता येतो. जिथे झरोक्याचा उजेड अजिबात पोचत नाही तिथे कुठलाच डोळा कामाचा नाही, हे खरं. पण अंधारीचा निम्मा बंदोबस्त या एका गोष्टीवर उभा आहे: उन्हातून आलेला शत्रू अर्धा तास आंधळा आणि आत बसून राहिलेला पहारेकरी डोळस.

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला साधारण 15 किलोमीटरवर दौलताबाद. मध्यवर्ती बसस्थानकातून वेरूळकडे जाणाऱ्या बस किल्ल्यासमोरूनच जातात. मनमाडच्या लोहमार्गावर दौलताबाद नावाचं स्टेशनही आहे, पण तिथून किल्ल्याच्या दारापर्यंत वाहन शोधावं लागतं आणि थांबणाऱ्या गाड्या मोजक्या; त्यापेक्षा बस किंवा रिक्षा बरी. लोकांचं नेमकं कुठे चुकतं, तर सकाळी वेरूळ, दुपारी दौलताबाद, संध्याकाळी बीबी का मकबरा असा बेत आखतात. मग ऐन बारा-एकला, तहानलेल्या अवस्थेत, पायात चपला घालून अंधारीसमोर उभे राहतात. उलटं करा. सकाळी दार उघडताच किल्ला, मग वेरूळ. किल्ल्याला घाई न करता साडेतीन-चार तास लागतात. तिकीट भारतीय पुरातत्त्व खात्याचं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. आणि खिडकीवरच विचारून घ्या, अंधारी आज उघडी आहे का. अधूनमधून ती बंद ठेवतात. बंद असली तर बाहेरून नव्याने काढलेल्या पायऱ्यांनी वर जाता येतं. गड पाहून होतो, पण ज्यासाठी आलो ते राहतं.

सोबत काय घ्यावं, तर कपाळाला बांधायची बॅटरी. मोबाइलचा दिवा नको. एक तर तो एक हात अडकवतो, आणि आत दोन्ही हात मोकळे लागतात: एक भिंतीला, एक पुढे. दुसरं, घामेजलेल्या हातातून मोबाइल निसटला तर तो खाली वटवाघळांच्या विष्ठेत पडतो, आणि तिथून उचलून पुन्हा कानाला लावायची इच्छा राहत नाही. बॅटरी मंद ठेवायची आणि झोत पायाच्या दोन हात पुढे. लाल उजेडाची सोय असेल तर उत्तम. त्याने अंधाराला सरावलेला डोळा फारसा बिघडत नाही आणि वटवाघळंही कमी बिथरतात. तळव्याला खाचा असलेले बूट, चपला किंवा गुळगुळीत सँडल नकोत. नाकाला घट्ट बसणारा मास्क. अंगभर कपडे, शक्यतो फिक्या रंगाचे. माणशी किमान एक लिटर पाणी, उन्हाळ्यात दोन. ते खालूनच भरून घ्यावं. अत्तर, सेंट काही मारू नका, कारण पुढे सांगतो.

दारातून आत आल्यावर पहिला टप्पा सपाटीचा आहे. महाकोटाचे दरवाजे, हत्तीची धडक अडवायला दारांवर ठोकलेले खिळे, मग डावी-उजवीकडे हत्तीहौद, भारतमाता मंदिर, समोर सुमारे 210 फुटी चांदमिनार. हे सगळं येताना पाहावं. जाताना ऊन चढायच्या आत वर सरकणं महत्त्वाचं. फक्त दरवाजांची रचना चालता चालता बघून ठेवा: एकही दरवाजा दुसऱ्याच्या सरळ रेषेत नाही. आत शिरलं की वळावं लागतं, वळलं की वरून कुणीतरी बघत असतं. अंधारीत हेच तंत्र आडवं न राहता उभं होतं, म्हणून ते इथे उजेडात समजून घेतलेलं बरं.

चिनी महालाजवळ पायऱ्या सुरू होतात. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा, अबुल हसन तानाशाह, 1687 साली गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने इथे कैदेत ठेवला होता. बाजूच्या बुरुजावर मेंढ्याच्या तोंडाची तोफ. इथपर्यंत सगळे दमछाक न होता येतात. इथे सावली बघून बसा, पाणी प्या, श्वास जागेवर येऊ द्या आणि डोळा मिटा. दहा मिनिटं इथेच खर्च करायची.

मग खंदक. सर्वाधिक वेळ द्यावा अशी ही जागा, आणि बहुतेक जण फोटो काढून दोन मिनिटांत पुढे जातात. हा खंदक खणलेला नाही, तासलेला आहे. काळ्या पाषाणाचा सुमारे 200 मीटर उंचीचा सुळक्यासारखा डोंगर. त्याचा खालचा भाग चारही बाजूंनी छिन्नीने उभा तासून काढला. ताशीव कडा दीडेकशे फूट उंचीचा, हाताची बोटं अडकतील इतकीही खोबण नाही. त्याच्या पायाशी खडकात कोरलेला खंदक. निघालेला दगड वाया गेलेला नाही. खालचे तट बघा. म्हणजे एकाच कामातून कडा झाला, खंदक झाला आणि तटाला दगड मिळाला. सुसरी सोडल्या होत्या, विषारी साप सोडले होते, हे वाटाडे रंगवून सांगतात. ऐकायला हरकत नाही. खंदकाला मात्र त्यांची गरज नव्हती.

आज आपण खंदक लोखंडी पुलावरून ओलांडतो. पुलाच्या मध्यावर थांबून खाली जुना दगडी पूल बघा. दोन माणसं जेमतेम बरोबरीने जातील एवढाच अरुंद, आणि त्याचा मधला भाग दोन्ही टोकांपेक्षा खाली: पायऱ्या उतरून जायचं, पुन्हा पायऱ्या चढायच्या. कुणाला वाटेल गवंड्याचं माप चुकलं. खंदकातलं पाणी थोडं वर चढवलं की पुलाचा मधला भाग बुडतो आणि टोकं कोरडी राहतात. पूल तोडावा लागत नाही, उचलावा लागत नाही, साखळदंड गंजायची भीती नाही. पाणी उतरवलं की वाट पुन्हा चालू. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे येऊन गेला. वरच्या गडावर चामड्याच्या शिडीने चढतात आणि रात्री ती ओढून घेतात, असं त्याने लिहिलं आहे. इथल्या तळघरातल्या कैद्यांबद्दल लिहिताना मांजरांपेक्षा मोठ्या उंदरांचाही उल्लेख करतो. शिडीचं तत्त्व आणि बुडणाऱ्या पुलाचं तत्त्व एकच आहे: वाट आपली, पण वाटेचा एक तुकडा आपल्या हातात.

पूल ओलांडला की खुल्या आकाशाखालची थोडी वळणं आणि मग अंधारी.

रेल्वेच्या बोगद्याची सवय असलेल्या डोळ्याने इकडे बघू नका, किंवा मुद्दाम त्याच डोळ्याने बघा. भोर घाटातला किंवा कसाऱ्याचा बोगदा काढणाऱ्याला एकच चिंता: गाडी विनाअडथळा पार व्हावी. म्हणून रेषा शक्य तितकी सरळ, चढ ठरलेला (घाटात 37 ला 1, त्याहून जास्त नाही), रुंदी सगळीकडे सारखी, आत जागोजागी गँगमनला गाडी येताना अंग चोरून उभं राहायला कोनाडे. अंधारीत यातली एकेक गोष्ट उलटी केली आहे. वळणं मुद्दाम, चढ कधी सौम्य कधी एकदम खडा, छत कधी हाताला न लागणारं तर कधी कपाळाला लागणारं, आणि कोनाडे आहेत, पण ते अंग चोरणाऱ्यासाठी नाहीत, दबा धरून बसणाऱ्यासाठी आहेत. बोगदा चुकीचा खोदला असता तर जसा झाला असता, तसा हा नीट विचार करून खोदलेला आहे. इथे ठेच लागली तर ती बांधणाऱ्याची चूक समजू नका.

आत शिरताना आधी नाकाला कळतं. वटवाघळांच्या विष्ठेचा उग्र, डोळे चुरचुरणारा दर्प, गोठ्यातल्या जुन्या मुतारीसारखा. वास चढायला लागला की मास्क वर घ्या. नाकावर घेतलेला मास्क पुन्हा पुन्हा खाली करून बोलू नका. सुकलेल्या विष्ठेची धूळ छातीत जाणं चांगलं नाही. तिच्यात वाढणाऱ्या बुरशीने फुप्फुसाचा आजार होऊ शकतो, आणि दम्याच्या माणसाला तर वासानेच धाप लागते. अशांनी बाहेरच्या पायऱ्या धराव्यात. यात कमीपणा नाही. गुडघेदुखी, चक्कर, कोंडलेल्या जागेची भीती असणाऱ्यांनीही तेच करावं. मध्यावरून परत फिरणं पुढे जाण्याहून अवघड आहे, कारण मागून येणाऱ्यांच्या छातीवर उतरावं लागतं.

सुरुवातीचा चढ हलका आहे, इतका की चढतो आहोत हे कळत नाही. इथेच लोक वेग पकडतात आणि इथेच पहिला घोटाळा होतो. माणसाचा पाय तीन-चार पायऱ्यांत उंची पाठ करतो आणि पुढचं न बघता चालतो. अंधारीतल्या पायऱ्यांची उंची एकसारखी नाही. तीन पायऱ्या वीतभर, चौथी हातभर, मग एक निव्वळ उतरता दगड. पाठ केलेल्या उंचीवर पाऊल टाकलं की पुढचा अंगठा दगडावर आपटतो किंवा पाय हवेत पडतो. उपाय एकच: पाऊल उचलण्याआधी बुटाच्या टोकाने पुढची पायरी चाचपायची, मग भार टाकायचा. आंधळा माणूस काठीने करतो तेच. हळू वाटतं, पण न थांबता गेलं तर सगळी अंधारी दहा-बारा मिनिटांची आहे. वाचवायला फार वेळ नाहीच.

हात उजव्या भिंतीवर ठेवा आणि उचलू नका. भिंतीवर छिन्नीच्या तिरप्या खुणा बोटांना लागतात, जवळजवळ समांतर, करंगळीच्या जाडीच्या अंतराने. जिथे खुणा एकदम संपून भिंत गुळगुळीत होते, तिथे हातांनी घासून घासून ती तशी झालेली असते. म्हणजे त्या जागी येणारा प्रत्येक माणूस आधाराला भिंत धरतो. तिथे पायाखाली काहीतरी अवघड आहे असं समजायचं आणि थांबून बॅटरी खाली करायची. असली खूण कुठल्याही पाटीपेक्षा भरवशाची.

मध्ये एके ठिकाणी उजेड दिसतो. सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि पाय आपोआप तिकडे वळतात. वाटाडे इथे हमखास थांबवतात, नसले तर स्वतः थांबा. ही खंदकाच्या बाजूला उघडणारी तोंडं. अंधारात चाचपडणारी माणसं उजेड दिसला की तिकडेच धावणार, समोर खंदक. खरी वाट बाजूच्या काळोखात वर वळते. दोन्ही तोंडं एकदम समोर ठेवून बघितली तर निवड सोपी वाटते. बॅटरी बंद करून, दहा जणांच्या रेट्यात, मागून ढकललं जात असताना बघा, मग कळतं. हा प्रयोग मोकळ्या वेळीच करावा, शाळेची सहल आत असताना नाही. आणि उजेडाकडे बघितल्यावर डोळा पुन्हा बिघडतो, तेव्हा तिथून वळल्यावर मिनिटभर थांबूनच पुढचं पाऊल टाका.

वटवाघळं छताला लटकलेली असतात. ती अंगावर येत नाहीत, त्यांना आपला ठाव आपल्याला त्यांचा लागतो त्याहून चांगला लागतो. पण झोत वर मारला, टाळ्या वाजवल्या, प्रतिध्वनी ऐकायला ओरडलं, की शेकडो एकदम सुटतात आणि अरुंद जागेत घाबरलेली माणसं एकमेकांवर पडतात. दुखापती बऱ्याचदा अशा होतात, दगडाने नाही. पोरांना आधीच सांगून ठेवावं. मान वर करून तोंड उघडं ठेवू नये, एवढं सांगितलं तरी ती हसत हसत ऐकतात. मेलेलं किंवा खाली पडलेलं वटवाघूळ हाताने उचलायचं नाही.

मशाल पेटवून दाखवायची जुनी पद्धत आहे. पाहायला झकास, पण बंदिस्त जागेत तेलाच्या धुराने दोन मिनिटांत डोळे भरतात. गर्दी असेल तर नको म्हणायला संकोचू नका.

वरच्या बाजूला वाट एकदम खड्या जिन्यात शिरते. अंधारीचा खरा आवळलेला गळा हा. जिन्याच्या माथ्यावर, बाहेर पडायच्या तोंडाशी, लोखंडी झाकणाची सोय होती: युद्धाच्या वेळी तोंड बंद करायचं आणि त्याच्यावर प्रचंड आगटी पेटती ठेवायची. जिना चढून आलेल्याच्या डोक्यावर तापून लाल झालेलं लोखंड. खाली उतरावं तर मागून येणारे वर रेटताहेत. वाटाडे सांगतात की धूर आत सोडून शत्रूला गुदमरवायचे. यात एक अडचण आहे, गरम धूर आपसूक खाली जात नाही, वर जातो. त्याला खाली लोटायला वारा हवा, आणि आगीला वारा मिळावा म्हणून तिथे खडकात भोक ठेवलेलं दाखवतात. धूर कितपत खाली गेला असेल ते असो, तापलेलं झाकण एकटंच पुरेसं होतं. झाकण उघडायला हात लावायचा कुणी?

या जिन्यावर दोन माणसांत किमान पाच पायऱ्यांचं अंतर ठेवा. वरचा घसरला तर खालच्याला घेऊन जातो. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे दोन महिने दगड पाझरतो, विष्ठेचा चिखल होतो, आणि त्यावर कोणताही बूट धरत नाही. म्हणूनच अंधारी चढायला वापरावी, उतरायला नाही. उतरताना वजन पुढे असतं, पाय सुटला की थांबायला काही नाही. खाली येताना बाहेरच्या पायऱ्या. शिवाय अरुंद जागी वरून उतरणारे आणि खालून चढणारे समोरासमोर आले की कुणीच हलत नाही. हे सुट्टीच्या दिवशी घडतंच.

बाहेर पडताना शेवटच्या पायऱ्यांवर क्षणभर थांबून डोळे किलकिले करा. अंधाराला पुरतं सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, बाहेर येऊन दिपलेले डोळे मात्र काही मिनिटांत सावरतात. पण त्या मिनिटभरात लोक कठडा नसलेल्या बाजूला पाऊल टाकतात.

इथून वरचं काम श्रमाचं आहे, गुंतागुंतीचं नाही. खालपासून माथ्यापर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या. निम्म्याहून अधिक अजून बाकी. गणपतीचं देऊळ लागतं, तिथे सावली आणि बसायला जागा. मग शाहजहानच्या काळातली बारादरी, मोठ्या झरोक्यांतून वारा घेणारी. माथ्याकडे जनार्दनस्वामींची गुंफा. गडाचा कारभार सांभाळणाऱ्या या गुरूंकडेच पैठणचे एकनाथ शिकायला राहिले होते, म्हणून पैठणकडचे वारकरी अंधारीपेक्षा या गुंफेसाठी चढतात. सर्वांत वर तोफ. तिथून खालचे कोट एकात एक कसे बसवलेत ते नकाशासारखं दिसतं.

मधमाश्यांचं राहिलं. ताशीव कड्याला आणि उंच कमानींना आग्या मोहोळं असतात. अत्तराचा वास, धूर, दगड मारणं, ड्रोन, यांनी ती उठतात. एक माशी डसली की तिच्या डंखातून जो वास सुटतो, तो बाकीच्यांना बोलावतो. म्हणून डसलेल्या जागी हात मारत उभं राहायचं नाही. तोंड-मान झाकून खाली वाकून दूर निघायचं, जवळ असेल तर बंदिस्त अंधाऱ्या जागेत शिरायचं. कड्याच्या पायऱ्यांवर मात्र पळायचं नाही. डंख रुतून राहिला असेल तर नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा. ज्याला पूर्वी डंखाने सूज-धाप झाली आहे, त्याने डॉक्टरांना विचारून औषध जवळ ठेवूनच यावं.

वरून खाली बघताना एक हिशेब मनात येतो. इतका कडा तासला, पूल बुडता केला, अंधारी आखली. गड पडला तो मात्र दोन्ही गाजलेल्या वेळी पोटाच्या बाजूने. 1296 साली अल्लाउद्दीन खिलजीने वेढा दिला तेव्हा धान्य म्हणून भरून ठेवलेल्या गोण्यांत मीठ निघाल्याची कथा सगळ्या मराठवाड्यात सांगतात. देवगिरीचा यादव राजा रामदेवराय याने तह केला. 1633 साली शाहजहानचा सरदार महाबतखान याने बाहेरचे कोट सुरुंग लावून फोडले आणि आतल्यांची उपासमार होईपर्यंत बसून राहिला. अंधारीत शिरायची वेळच आणली नाही.

उतरून आल्यावर दिवाळीच्या आसपासचे दिवस असतील तर रस्त्यावर दौलताबादची सीताफळं टोपल्यांत लावलेली असतात. हात साबणाने धुतल्याशिवाय घेऊ नका. बूट गाडीत ठेवायच्या आधी कोरड्या गवतात पुसून पिशवीत बांधा, घरी बाहेरच ओल्या फडक्याने स्वच्छ करा. कोरडेच झटकले तर ती धूळ पुन्हा नाकात जाते. कपडे वेगळे भिजवा. वास दुसऱ्या धुण्याला जातो.